चाकोरीतला डायनोसॉर

फिनलंडमध्ये व्हिएरेमा नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या आयनारी विद्ग्रेन या लाकूडतोडीच्या कंत्राटदाराला बाजारात मिळणारी यंत्रं पुरेनात. म्हणून त्यानं गावातच स्वतःचं यंत्र जोडलं आणि १९७० मध्ये कंपनी काढली. कंपनीचं नाव ठेवलं ‘पोन्से’. हे गावात हिंडणाऱ्या एका गावठी कुत्र्याचं नाव. पहिल्या यंत्राचं नाव ‘डायनो’. आज याच कंपनीच्या एका दणकट लाकूडवाहू यंत्राला ‘एलिफंट किंग’ म्हणतात. कुत्र्यापासून निघून डायनोसॉरमार्गे हत्तींच्या राजापर्यंत पोचलेली ही वंशावळ गमतीची वाटेल, पण वजनकाट्यावर ही नावं अजिबात फुगवलेली नाहीत.

हा हत्तींचा राजा एका खेपेला २० टन लाकूड पाठीवर घेतो. त्याचं स्वतःचं वजन २० टनांच्या वर. भरून निघाला की काटा ४० टनांपुढे जातो. आशियाई हत्ती सरासरी ४ टनांचा धरला तर हे दहा हत्ती झाले, आणि दहा हत्तींचे पाय चाळीस असतात, याला चाकं फक्त आठ. शिवाय हे धूड डांबरी रस्त्यावर धावत नाही. ते झाडांच्या मुळांवरून, पालापाचोळ्यावरून, कित्येकदा पावसानं भिजलेल्या मातीवरून चालतं.

स्वीडन, फिनलंड, जर्मनी या देशांत बरीचशी लाकूडतोड आता दोन यंत्रांची जोडी करते. पुढे चालतो हार्वेस्टर. दहा मीटर लांब हात पसरून तो उभं झाड धरतो, बुडातून कापतो, आडवं करून फांद्या सोलतो आणि ठरलेल्या लांबीचे ओंडके पाडतो. मध्यम आकाराच्या झाडाचं हे सगळं एका मिनिटाच्या आत उरकतं. मागून फॉरवर्डर येतो आणि ओंडके उचलून रस्त्याच्या कडेला रचतो. एलिफंट किंग हा या दुसऱ्या जातीतला. या यंत्रांच्या नावानं बोटं मोडण्याआधी एक मान्य करायला हवं: कुऱ्हाड आणि करवतीच्या काळात लाकूडतोड जिवावर बेतणारा धंदा होता. काचबंद केबिनमध्ये बसलेला चालक संध्याकाळी धडधाकट घरी जातो, ही काही लहान गोष्ट नाही.

आता लाकडाचा आकडा बघा. जगात दरवर्षी सुमारे ४ अब्ज घनमीटर लाकूड तोडलं जातं. त्यातलं निम्मं चुलीत जातं. उरलेल्या २ अब्ज घनमीटरचे फळ्या, कागद, प्लायवूड, खांब होतात. हे २ अब्ज घनमीटर एकत्र रचले तर सव्वा किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा एक घन तयार होईल. दरवर्षी नवा. जगातल्या लाकडाचा हा हिशेब घनमीटरपर्यंत ठेवला जातो, त्यावर पैसे मिळतात, कर बसतो. ज्या मातीवरून तो सव्वा किलोमीटरचा ठोकळा ओढून बाहेर काढला जातो, तिच्या हिशेबाची वही मात्र फार उशिरा उघडली.

त्या वहीत पहिल्याच पानावर डोळे विस्फारतील असे आकडे आहेत. २०२३ साली मार्क अँथनी आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की पृथ्वीवरच्या सगळ्या सजीव प्रजातींपैकी सुमारे ५९ टक्के मातीत राहतात. समुद्र, आकाश, रान, शहरं या सगळ्यांच्या वाट्याला मिळून राहिले ४१. झाडांच्या मुळांशी संसार थाटून राहणारी बुरशी घ्या. तिचे तंतू केसापेक्षा बारीक असतात. मुळांना जिथे पोचता येत नाही तिथून हे तंतू पाणी आणि स्फुरद आणतात, त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. जगभरच्या मातीच्या फक्त वरच्या १० सेंटीमीटरमधले असे तंतू टोकाला टोक जोडून मांडले तर लांबी भरते साडेचार परार्ध किलोमीटर. आपल्या जुन्या अंकमालेत एकं, दहं, शतं करत करत अगदी शेवटच्या पायरीवर परार्ध येतो; एकावर सतरा शून्यं. शाळेत पाठ करून घेतला होता, वापरायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. ही लांबी आपल्या आकाशगंगेच्या रुंदीच्या निम्मी आहे.

एवढं सगळं गोकुळ मातीत मावतं कसं? कारण माती भरीव नसते. जंगलातल्या वरच्या थरात निम्म्याहून जास्त जागा पोकळ असते. गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या, कणाकणांमधल्या फटी. मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते आणि पावसाचं पाणी झटकन खाली उतरतं, बारीक फटींत ते धरून ठेवलं जातं. शंभर वर्षं नांगर न लागलेल्या जंगलात हे बांधकाम कुणी मोडलेलं नसतं. शेतातल्या मातीपेक्षा जंगलाची माती भुसभुशीत आणि हलकी असते ती यामुळे, आणि यंत्राखाली ती जास्त दबते तीही यामुळेच.

दाबाचा हिशेब आधी फसवा वाटतो. ६५ किलोचा माणूस उभा राहिला की एका पावलाखाली चौरस सेंटीमीटरला साधारण २०० ग्रॅम दाब पडतो. ४० टनी फॉरवर्डरच्या एका चाकावर सरासरी ५ टन. टायर रुंद असतो, ७० सेंटीमीटरच्या आसपास. जमिनीला टेकलेला भाग ४,००० चौरस सेंटीमीटर धरला तर दाब येतो चौरस सेंटीमीटरला सव्वा किलो. म्हणजे माणसाच्या सहापट. दहा हत्तींच्या वजनाच्या मानानं हे काहीच नाही, असं विक्रेते सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत.

गोम खोलीत आहे. लहान पावलाचा दाब जमिनीत उतरताना भराभर विरतो, मोठ्या टायरचा विरत नाही. टेकलेली जागा जितकी मोठी, तितका तो खोल झिरपतो. पाठ्यपुस्तकातलं जुनं सूत्र लावून ढोबळ आकडेमोड केली तर अर्धा मीटर खाली माणसाच्या पावलाचा दाब चौरस सेंटीमीटरला जेमतेम ६ ग्रॅम उरतो आणि फॉरवर्डरच्या चाकाचा पावणेसहाशे ग्रॅम. वर सहापट असलेला फरक खाली नव्वदपटीच्या पुढे गेला. डेन्मार्कच्या मृदाशास्त्रज्ञांनी ओल्या शेतजमिनीसाठी एक साधा दंडक सुचवला आहे: ५० सेंटीमीटर खोलीवर दाब ५० किलोपास्कलच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो. आपला फॉरवर्डर हा आकडा ओलांडून गेलेला आहे, आणि टायर कितीही रुंद केला तरी वजन तेवढंच असेल तर खोलवरचं दुखणं फारसं कमी होत नाही. टायरमधली हवा वरच्या मातीचं नशीब ठरवते, चाकावरचं वजन खालच्या मातीचं.

दबलेल्या मातीत सगळ्यात आधी मरतात त्या मोठ्या पोकळ्या. नळीचा व्यास निम्मा झाला तर तिच्यातून वाहणारं पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा होतं. व्यास दहावा हिस्सा झाला तर प्रवाह दहा हजारावा हिस्सा. नळ्यांचं हे गणित एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. मातीला ते जसंच्या तसं लागू होत नाही, पण कल पक्का तोच. म्हणून पोकळी थोडीच कमी झालेली असते आणि पाणी मात्र आठ-आठ दिवस चाकोरीत साचून राहतं.

आता एका हेक्टरचं मोजमाप करू. यंत्रांच्या वाटा २० मीटर अंतरावर आखल्या तर हेक्टरी ५०० मीटर वाट होते. दोन चाकोऱ्या, प्रत्येकी ७० सेंटीमीटर रुंद. म्हणजे ७०० चौरस मीटर जमीन प्रत्यक्ष चाकाखाली येते. एका घनसेंटीमीटरला १ ग्रॅम असलेली माती १.३ ग्रॅमपर्यंत घट्ट झाली, तर ३० सेंटीमीटरचा थर २३ वर येतो. सात सेंटीमीटर खोल चाकोरी, जिला बघून कुणी थांबणारही नाही. पण ७०० चौरस मीटरवर सात सेंटीमीटर म्हणजे ४९ घनमीटर पोकळी गेली. ४९ हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगाव फिरणारे १२ हजार लिटरचे टँकर आठवा. असे चार टँकर भरतील एवढी हवेची आणि पाण्याची जागा एका हेक्टरमधून नाहीशी झाली. ते पाणी आता मुरणार नाही. उतार असेल तर चाकोरीचाच ओढा करून माती घेऊन निघेल.

आणि यासाठी किती फेऱ्या लागतात? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. शंभर फेऱ्यांनी शंभरपट नुकसान होत नाही. निरनिराळ्या देशांतल्या मोजणीत पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे की घट्टपणाचा मोठा वाटा पहिल्या तीन-चार फेऱ्यांतच पदरात पडतो. त्यानंतर चाकोरी खोल जाते, चिखल होतो, पण मातीची रचना तोवर बसलेली असते. ‘एकदाच तर आत जाऊन येतो’ म्हणणारा चालक सगळ्यात महागडी फेरी मारत असतो.

बाकीच्या फेऱ्या काही थोड्याथोडक्या नसतात. समजा दहा हेक्टरांचा तुकडा तोडायचा आहे आणि हेक्टरी २५० घनमीटर लाकूड आहे. मध्यम फॉरवर्डर एका खेपेला १५ घनमीटर नेतो. खेपा झाल्या १६७. रिकामा जाताना २० टन, भरून येताना ३३. जंगलातून बाहेर पडणारी वाट एकच असेल तर तिच्या तोंडाशी या एका कामात ८,८०० टनांहून जास्त वजन चाकांवरून जातं. आयफेल टॉवरचा लोखंडी सांगाडा ७,३०० टनांचा आहे.

हा झाला शांतपणे ठरवून केलेल्या तोडीचा हिशेब. २६ डिसेंबर १९९९ रोजी ‘लोथार’ नावाचं वादळ फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंडवरून गेलं. काही तासांत एकट्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जवळपास ३ कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं. पडलेल्या स्प्रूसमध्ये सालभुंगे वाढतात आणि मग उभी झाडंही खातात, त्यामुळे माल लवकर बाहेर काढणं भाग होतं. सगळं लाकूड फॉरवर्डरनंच न्यायचं म्हटलं तर वीस लाख खेपा. भर हिवाळा असूनही सखल भागातली जमीन गोठलेली नव्हती, पाणी पिऊन मऊ झालेली होती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. यंत्रं मिळेल त्या दिशेनं आत शिरली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मध्य युरोपात मातीच्या दबण्यावर जो अभ्यास वाढला, त्यामागे या वादळाच्या खुणा होत्या.

झुरिचजवळ बिर्मेन्सडोर्फ इथे डब्ल्यूएसएल ही स्वित्झर्लंडची जंगल-संशोधन संस्था आहे. तिथल्या लोकांनी चाकोऱ्यांचे तीन प्रकार पाडले, आणि ही विभागणी मला फार आवडते, कारण ती कोणत्याही उपकरणाविना, नुसत्या डोळ्यांनी करता येते. पहिल्या प्रकारात टायरच्या नक्षीचा ठसा उमटतो, बाकी जमीन जागच्या जागी. दुसऱ्यात चाकोरी खाली बसते, पण कडा सरळ राहतात. तिसऱ्यात चाकोरीच्या दोन्ही बाजूंना मातीचे वरंबे उभे राहतात. वरंबा दिसला की समजायचं, माती आता नुसती दबत नाहीये, पिठासारखी मळली जाऊन बाजूला सरकते आहे. काम तिथेच थांबवायचं.

अशा तिसऱ्या प्रकारच्या चाकोरीत काही वर्षांनी फावडं घातलं तर काय दिसतं? वरचा पाला बाजूला केला की खाली तपकिरी, कणीदार मातीऐवजी करडा, गुळगुळीत गोळा लागतो. त्यात गंजासारखे नारिंगी ठिपके. करडा रंग म्हणजे हवा संपून लोहाचं रूप बदललं, आणि ठिपके म्हणजे जिथे कुठे भेगेतून थोडी हवा शिरली तिथे ते पुन्हा गंजलं. मुळं खाली शिरत नाहीत, थराच्या वरच्या अंगानं आडवी पळतात. मातीचा विरोध चौरस सेंटीमीटरला साधारण २० किलोच्या पुढे गेला की बहुतेक झाडांची कोवळी मुळं हार मानतात. आणि वर चाकोरीच्या रेषेत, भर जंगलात, लव्हाळी उगवलेली असतात. पाणथळीत वाढणारी ही वनस्पती उतारावरच्या जंगलात सरळ रेषेत दिसली तर तिथून कधीतरी यंत्र गेलं होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सूक्ष्मजीवांची कथा याहून चमत्कारिक आहे. मार्टिन हार्टमान, बेआट फ्राय आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुद्दाम यंत्रं चालवून दाबलेल्या मातीतल्या जीवाणू आणि बुरशीची गणना चार वर्षं केली. हवेवर जगणारे मागे हटले, हवेशिवाय जगणारे माजले. मुळांशी दोस्ती करणाऱ्या बुरशीला सगळ्यात मोठा फटका बसला, आणि चार वर्षांनीही जुनी वस्ती परतली नव्हती. निरोगी जंगलाची माती हवेतला मिथेन गिळते. घट्ट दबलेली, ओली माती उलट मिथेन सोडायला लागते. वातावरण तापण्यावर उतारा म्हणून ज्या जंगलाकडे आपण बघतो, त्याच्याच चाकोऱ्या असा दगा देतात.

स्वीडनमध्ये यात पाऱ्याची भर पडली. कारखान्यांच्या धुरातून आलेला पारा उत्तरेकडच्या जंगलांच्या मातीत साठलेला आहे. साचलेल्या पाण्यात, हवा नसलेल्या जागी जीवाणू त्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि ते विष ओढ्यातून तळ्यात, तळ्यातून माशात जातं. गोर्डशॉन या अभ्यासक्षेत्रात यंत्रानं ओढा ओलांडल्यानंतर पाण्यातलं मिथिल पाऱ्याचं प्रमाण वाढलं आणि काही वर्षं ते उतरलंच नाही. केविन बिशप आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार स्वीडनच्या तळ्यांतल्या माशांमधला ९ ते २३ टक्के पारा वनव्यवसायाच्या खात्यावर टाकता येतो. ओंडका नेला कागदासाठी, आणि खूण उमटली मासळीत!

माती पुन्हा सावरते का? सावरते, पण आपल्या घाईनं नाही. चुनखडीवरची, गांडुळांनी गजबजलेली माती दोनेक दशकांत बरीचशी मोकळी होते. इतर काही प्रकारच्या मातीत ४० वर्षांनीही फरक मोजता येतो. वरचे दहा-पंधरा सेंटीमीटर गारठा, मुळं आणि किडे हलवून देतात. त्याखाली हात पोचत नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जनरल पॅटन यांच्या सैन्यानं १९४२ पासून सरावाला चालवलेल्या रणगाड्यांच्या खुणा कित्येक दशकांनंतरही दिसत राहिल्या. वाळवंटात ओल आणि जीव कमी, म्हणून तिथे वेळ अधिक लागतो हे खरं, पण गावं बसतात, उठतात आणि चाकोरी तशीच राहते हे चित्र दोन्हीकडे सारखं. स्विस संशोधकांनी चाकोऱ्यांत काळ्या आल्डरची रोपं लावून पाहिली. या झाडाची मुळं पाण्यानं तुंबलेल्या, गुदमरलेल्या मातीतही स्वतःची हवा घेऊन उतरतात. उपाय चालतो, पण रोपं लावून पुन्हा वर्षानुवर्षं वाट बघायची.

एक उलटी बाजू सांगायलाच हवी. अमेरिका आणि कॅनडात १९८९-९० पासून मातीच्या उत्पादकतेचा एक अवाढव्य प्रयोग चालू आहे. शंभरावर ठिकाणी मुद्दाम माती तीन वेगवेगळ्या पातळ्यांपर्यंत दाबली, पालापाचोळाही तीन वेगवेगळ्या प्रमाणांत काढला, आणि झाडं मोजत राहिले. चिकणमातीत दाबल्यावर वाढ खुंटली. पण भरड रेताड मातीत काही ठिकाणी झाडं उलट जास्त वाढली, कारण मोठ्या फटी मिटल्यानं पाणी धरून राहिलं. तेव्हा ‘यंत्र आलं की जंगल मेलं’ अशी बोंब ठोकण्यात अर्थ नाही. कुठली माती, किती ओल, कितवी फेरी, यावर सगळा खेळ आहे.

आता डायनोसॉरकडे येऊ. २०२२ मध्ये स्वीडनचे थॉमस केलर आणि झुरिचचे डॅनी ओर यांनी शेती-यंत्रांवर एक शोधनिबंध लिहिला. १९५८ च्या सुमारास भरलेला कंबाइन हार्वेस्टर ४ टनांचा होता, २०२० मध्ये तो ३६ टनांवर गेला. नऊपट. टायर मोठे होत गेल्यामुळे जमिनीच्या पृष्ठभागावरचा दाब या साठ वर्षांत जवळपास तेवढाच राहिला, आणि म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही की खोलवरचा दाब वाढत चालला आहे. जगातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे २० टक्के जमिनीला या खोल दबण्याचा धोका आहे, असा त्यांचा अंदाज. मग त्यांना प्रश्न पडला: इतक्या वजनाचं याआधी जमिनीवर कोण चाललं होतं? उत्तर, सॉरोपॉड. लांब मानेचे, खांबासारख्या पायांचे, झाडपाला खाणारे डायनोसॉर. गणितानुसार या प्राण्यांनी स्वतःच्याच चाऱ्याची जमीन पार दाबून टाकायला हवी होती. तरी कोट्यवधी वर्षं ते खाऊन-पिऊन सुखी होते.

दोघांनी एक शक्यता मांडली. हे प्राणी रानभर भटकत नसावेत. ठरलेल्या वाटांवरूनच चालत असावेत, आणि वाट न सोडता लांब मान दोन्ही बाजूंना फिरवून पाला खात असावेत.

युरोपातल्या जाणत्या वनखात्यांनी शोधलेला उपाय नेमका हाच आहे! यंत्राला जंगलात मोकाट सोडायचं नाही. कायमच्या वाटा आखायच्या, झाडांवर रंगाच्या खुणा करायच्या आणि यंत्रानं जन्मभर त्याच वाटांवरून जायचं. हार्वेस्टरचा हात दहा मीटर पोचतो, म्हणून वीस मीटरवर एक वाट. मधल्या पट्ट्यात चाक कधीच पडत नाही. पहिल्या तीन-चार फेऱ्यांतच माती बसत असेल, तर ती पुन्हा पुन्हा त्याच जागी बसू द्या. बाकीच्या जमिनीला हात लावू नका. वाटेपुरती माती आपण ओवाळून टाकली, असं मनाशी धरून चालायचं.

पण किती ओवाळायची, यावर जर्मनीत जोराचा वाद आहे. वाट चार मीटर रुंद आणि अंतर वीस मीटर म्हटलं की पाचवा हिस्सा जंगल वाटेत गेलं. निसर्गसंवर्धनवाले म्हणतात, अंतर चाळीस करा, दहावा हिस्साच जाईल. ठेकेदार म्हणतात, मग मधल्या वीस मीटर पट्ट्यात आमचा हात पोचत नाही; तिथे करवतवाला माणूस पाठवा किंवा घोडा आणा, आणि खर्च सोसा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फक्त आकडा बघा. जर्मनीत १ कोटी १४ लाख हेक्टर जंगल आहे. सगळीकडे वीस मीटरवर वाटा आखल्या असं कागदावर धरलं तर त्यांची लांबी भरते ५७ लाख किलोमीटर. भारतातले झाडून सगळे रस्ते, राष्ट्रीय महामार्गापासून गावच्या पांदीपर्यंत, ६३ लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. वीसऐवजी चाळीस केलं तर ११ लाख ४० हजार हेक्टर जंगल वाटांतून सुटतं. तीन गोवा राज्यं मावतील एवढं. माझं मत विचाराल तर चिकणमातीच्या जंगलात घोड्याचा खर्च सोसावा. ११ लाख हेक्टर मातीची पोकळी परत आणण्याचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात बसणारा नाही.

वाटेवरही माती वाचवण्याच्या युक्त्या आहेत. हार्वेस्टर झाड सोलतो तेव्हा फांद्या आणि शेंडे तो स्वतःच्या पुढ्यात पाडतो आणि त्यावरूनच पुढे सरकतो. ही फांद्यांची गादी चौरस मीटरला १५ ते २० किलो असली तर वजन पसरतं आणि मातीला दम मिळतो. हेक्टरी ५०० मीटर वाटेला ३० ते ४० टन फांद्या लागतात. त्याच फांद्या वीजनिर्मितीच्या भट्टीला विकता येतात, त्यामुळे मालकाचा जीव वरखाली होतो. चाकांच्या जोड्यांवर पोलादी पट्टे चढवतात. टायरमधली हवा जंगलात कमी आणि रस्त्यावर जास्त ठेवण्याची सोय असते. उत्तरेत सगळ्यात भरवशाचा मित्र होता हिवाळा. जमीन गोठली की तिच्यावर काहीही चालवा. हिवाळे आखूड व्हायला लागले तसा तो मित्र बेभरवशाचा झाला.

त्यावर स्वीडननं वेगळीच वाट काढली. विमानातून लेझर किरणांनी सगळा देश मोजला, आणि त्यावरून स्वीडिश कृषिविद्यापीठानं मातीच्या ओलीचा नकाशा तयार केला. त्यातली एक चौकट दोन मीटर बाय दोन मीटर. स्वीडनची जमीन ४ कोटी हेक्टरांच्या वर, म्हणजे अशा चौकटी होतात दहा हजार कोटींच्या घरात. केबिनमधल्या पडद्यावर चालकाला दिसतं की पुढे निळा डाग आहे, वळसा घाला. पन्नास मीटरांचा वळसा आणि पन्नास वर्षांची चाकोरी, यातलं काय निवडायचं हे त्याला त्या क्षणी ठरवता येतं.

महाराष्ट्राच्या जंगलात ही राक्षसी जोडी आलेली नाही. गडचिरोलीत कमलापूरचा हत्ती कॅम्प आहे. तिथले हत्ती एकेकाळी सागाचे ओंडके ओढायचे. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, पावसाळा सरल्यावरच चालायचे, त्यामुळे माती आपोआप वाचली. आपल्याकडचं वजन वाढतंय ते शेतात. ऊसतोडणीचे हार्वेस्टर, भरून ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्याखाली काळी चिकणमाती, जी ओली असताना सगळ्यात लवकर दबते. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुलते, म्हणून काही अंशी स्वतःला दुरुस्त करते, पण दरवर्षी नव्या वजनाचा मार बसला तर तीही किती पुरी पडणार? वाफसा आल्याशिवाय रानात औत घालू नये, हे आपल्या आज्या-पणज्यांना कळत होतं. कारखान्याची तोड आली की तेवढा धीर राहत नाही, हेही खरं.

तरी एवढं करा. यंत्र आत घेण्याआधी फावड्यानं वीत-दीड वीत खालची माती काढा आणि तळहातावर वळून बघा. शिसपेन्सिलीपेक्षा बारीक वळी न तुटता वळली गेली, तर माती अजून ओली आहे. ट्रॅक्टर बांधावरच थांबवा. वळी तुटली, चुरा झाला, तर खुशाल आत न्या, आणि भरलेली ट्रॉली दरवेळी एकाच वाटेनं बाहेर काढा.